पवनचक्कीचा डच चांदीचा पेला, विक्रेता म्हणतो १६४० चा. घ्यावा का?

(पवनचक्कीचा पेला म्हणजे तळाशी छोटी पवनचक्की जोडलेला पेला: तिला फिरणारी पाती, शिडी, फुंकायची नळी आणि आकड्यांची तबकडी असते.) तुम्ही लिहिलंय की काठाखाली मुकुट आणि तीन फुल्यांचा शिक्का आहे, शिडीवर इवल्याशा तलवारीचा शिक्का आहे, आणि तळाशी काहीतरी आकडे खरवडलेले आहेत. एवढ्यावरून बरंच सांगता येतं.

तीन फुल्या म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमचा शहर-शिक्का. पण तो एकटाच असेल तर मी थांबेन. त्यासोबत कारागिराचा शिक्का आणि वर्षाचं अक्षर हवं. हॉलंड प्रांताचा सिंह १६६३ पासून आला, म्हणून "१६४०" च्या पेल्यावर तो दिसला तर तारीख किंवा शिक्के, दोघांपैकी एक खोटं. जर्मनीतल्या हानाऊत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या शिक्क्यांची नक्कल मारलेला माल भरपूर निघाला. पवनचक्कीचे पेले तर नकलेचे लाडकेच. दहापट भिंगाखाली पाहा: शिक्क्यांच्या कडा कोवळ्या-तीक्ष्ण आणि आजूबाजूची नक्षी मात्र झिजलेली, हे जमत नाही. दोन्ही सारखंच झिजायला हवं.

तलवार हा १८१४ नंतरच्या पद्धतीतला, लहान वस्तूंवर मारायचा शिक्का. तो फक्त शिडीवर असेल तर शिडी मागाहून बदलली, एवढंच. पेला जुना असू शकतो. तोच शिक्का मुख्य पेल्यावर असेल तर सतराव्या शतकाचा विषय संपला. कुऱ्हाडीचा शिक्का मिळाला तर तो १८५३ ते १९२७ दरम्यान जुनी डच वस्तू पुन्हा विक्रीला आल्याची खूण आहे. नेमकं वय मात्र त्यावरून कळत नाही.

खरवडलेले आकडे सर्वांत कामाचे. ते बहुधा वजन असतं. जुना डच औंस सुमारे ३०.७६ ग्रॅम, त्याचे २० एंगेल्स. म्हणजे ५ औंस १० एंगेल्स असेल तर सुमारे १६९ ग्रॅम. तराजूवर १६४ भरलं तर घासून-पुसून झिजलाय, चालेल. १४० भरलं तर एखादा भाग गायब आहे. १८५ भरलं तर कुणीतरी डाख (जोड देताना वितळवून लावलेला धातू) ओतलाय किंवा भर घातलीय.

डाख शोधायचा सोपा उपाय: चांदीवर तोंडाची वाफ सोडा. वाफ विरताना जोडाची रेघ वेगळ्या रंगाची उठते. राखाडी, मऊ, शिशाचा डाख दिसला तर भाव पाडून मागा, कारण पुढच्या दुरुस्तीत तापवताच शिसं चांदीत उतरून ती खाऊन टाकतं. चक्कीच्या पात्यांचा कणा आणि शिडीचा पाया, इथे हे हमखास असतं. नळीतून हळू फुंकून पाहा. पाती आणि तबकडीवरचा काटा दोन्ही फिरले पाहिजेत. (खेळ असा: पाती थांबायच्या आत पेला रिकामा करायचा, नाहीतर काटा दाखवेल तितके पेले आणखी.) अडत असेल तर तेल घालू नका.

वितळीचा भावही काढून ठेवा: १६९ ग्रॅम, ८३३ कसाची (हजारात ८३३ भाग शुद्ध) असेल तर शुद्ध चांदी जवळपास १४१ ग्रॅम. हे तळचं गणित. ऐन सतराव्या शतकाचा पेला त्याच्या कितीतरी पट जातो, म्हणूनच विक्रेत्याकडून शतकाचा दावा पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला तो कचरला तर एकोणिसाव्या शतकाच्या नकलेचा भाव सांगा.

चिंच, लिंबू किंवा टूथपेस्ट लावून उजळवू मात्र नका. नक्षीच्या खाचांतला काळेपणाच जुनेपणाची ओळख असतो.