पत्र्यातलं कंपन वळणावर मागे का फिरत नाही? तुमचे प्रश्न

प्रश्न: पत्र्यावर एका जागी ठोकलं तर कंपन चहूकडे पसरतं. मग त्याला ठरलेल्या रस्त्याने कसं न्यायचं?

पातळ प्लेटवर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी आखायची आणि प्रत्येक घरातल्या अ आणि ब या दोन जागी छोटी वजनं चिकटवायची. वजनं सारखी असतील तर एका ठराविक फ्रिक्वेन्सीला दोन बँड (प्लेटमधून जाऊ शकणाऱ्या फ्रिक्वेन्सींचे पट्टे) एकमेकांना टेकतात, पण अ जड आणि ब हलकं केलं की ते सुटे होऊन मधे गॅप पडते, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीचं कंपन आत शिरतच नाही. आता अर्ध्या प्लेटवर अ जड ठेवा, उरलेल्या अर्ध्यावर ब जड. गॅप दोन्हीकडे तीच, पण उलटी, म्हणजे वरच्या आणि खालच्या बँडची अदलाबदल झाल्यासारखी, त्यामुळे दोन्ही भाग जिथे भेटतात त्या रेषेवरून कंपन धावत सुटतं. ती रेषा झेडसारखी वळवली तरी कोपऱ्यावर फार थोडं मागे फिरतं, आणि मला या सगळ्या विषयात हेच सगळ्यात सुंदर वाटतं!

प्रश्न: हे तर क्वांटमवाल्यांचं ना?

सुरुवात तिथलीच, १९८० चा क्वांटम हॉल इफेक्ट, ज्यात चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन पातळ थराच्या कडेकडेने एकाच दिशेने वाहतात. पण बँडचं गणित कुठल्याही लाटेला लागू पडतं, मग ती इलेक्ट्रॉनची असो की पत्र्याची. २०१५ मध्ये झुरिकला सुसस्ट्रुंक आणि हुबर यांनी एकमेकांना जोडलेल्या लंबकांवर असं कडेकडेने धावणारं कंपन दाखवलं, आणि २०१८ मध्ये मिनियाची, पाल, मोर्वान, रुझेने यांनी नक्षीदार प्लेटवर.

प्रश्न: कंपन डोळ्यांना दिसत नाही, मग मोजतात कसं?

पिझो चकती (वीज दिली की थरथरणारी) चिकटवून प्लेट हलवतात आणि लेसर व्हायब्रोमीटरने, म्हणजे न शिवता प्रकाशाने कंपन मोजणाऱ्या यंत्राने, एकेक बिंदू स्कॅन करत जातात, मग स्क्रीनवर लाट रेषा धरून वळताना चक्क दिसते.

प्रश्न: म्हणजे ऊर्जा अजिबात वाया जात नाही?

जाते, आणि याबाबत फार गैरसमज आहे. उलट्या गॅपमुळे रेषेवरच्या लाटेला मिळणारं हे संरक्षण, म्हणजे 'टोपोलॉजिकल प्रोटेक्शन', मागे परतण्यापासून वाचवतं, मटेरियलच्या डँपिंगपासून (कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जिरण्यापासून) नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या प्लेटमध्ये लाट वाटेतच विरत जाते. शिवाय वर सांगितलेल्या दोन वजनांच्या प्रकारात वळणं जाळीच्या दिशांना धरून, ६० किंवा १२० अंशांचीच हवीत, रेषा भलतीकडून कापली किंवा मोठा दोष आला की परावर्तन सुरू. खरोखरची एकेरी वाहतूक हवी असेल तर जाळीत फिरते जायरोस्कोप वगैरे लागतात, नुसत्या वजनांनी ते जमत नाही. म्हणून प्रोजेक्टला हा विषय घेणाऱ्यांनी आधी डँपिंग मोजावं, मगच प्लेट कापायला द्यावी.