स्पोर्ट एटीव्हीने वाडीतली ट्रॉली आणि किनाऱ्यावरची होडी ओढता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: एका रिसॉर्टकडून घेतलेली जुनी ३०० सीसीची स्पोर्ट एटीव्ही (चार जाड टायरांची, मोटारसायकलसारख्या हँडलची गाडी) तुमच्याकडे आहे. मनोरीच्या वाडीत नारळ, शेणखत, पाण्याचे ड्रम ट्रॉलीतून न्यायचे आहेत, अधूनमधून फायबरची छोटी होडी पुळणीवरून वर काढायची आहे. हीच गाडी वापरावी की विकून दुसरी घ्यावी?

ट्रॉली ओढा. होडीला मात्र ती जुंपू नका. मालाडला माझं गॅरेज आहे, किनाऱ्यावर भाड्याने फिरणाऱ्या या गाड्या बरीच वर्षं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि होडीचा प्रयोग मी स्वतः करून बसलोय.

आधी गाडीचा स्वभाव समजून घ्या. कामाच्या एटीव्हीला चारही चाकांना ताकद मिळते, गिअरमध्ये हळू पण जोरात ओढणारा वेगळा 'लो' असतो, मागे हुकची जागा कंपनीनेच दिलेली असते. स्पोर्ट गाडी पळण्यासाठी बनवलेली असते. ताकद फक्त मागच्या चाकांना, तीही चेनने. मागचा एक्सल अखंड, त्यात डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, नाही. पहिला गिअरसुद्धा लांब. म्हणजे इंजिनात जोर भरपूर आहे, पण तो वरच्या आरपीएमला मिळतो. माणसाच्या चालीने ओझं ओढायचं म्हटलं की पहिल्या गिअरमध्येही गाडी त्या वेगापेक्षा पुढे धावते आणि तुम्ही नकळत हाफ क्लचवर चालवायला लागता. सगळी झीज तिथेच होते.

माझं असं झालं. एका ओळखीच्या कोळीबांधवाची होडी मे महिन्यात, पावसाळ्याआधी वर काढायची होती. ओहोटी होती, भरतीच्या रेषेजवळची ओली वाळू टणक होती, म्हणून चाकांना पकड चांगली मिळाली. मला वाटलं, काम झालं. पण पकड मिळाली म्हणून सगळा ताण क्लचवर गेला. साधारण वीस पावलं होडी सरकली, मग इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी. जळक्या तेलाचा वास आला तो नाकातून दोन दिवस गेला नाही. गॅरेजमध्ये क्लचचं कव्हर उघडलं तर लोखंडी प्लेटा निळ्या-जांभळ्या पडलेल्या, दुसऱ्या प्लेटांचं अस्तर खपल्यांसारखं सुटून तेलात मिसळलेलं. या गाड्यांचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे तो चुरा सगळ्या इंजिनभर फिरतो. प्लेटा, तेल, फिल्टर सगळं बदलावं लागलं. होडी शेवटी आठ जणांनी ओंडक्यांवरून वर आणली, तोवर पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

आता सुक्या वाळूचं गणित बघा. होडी आणि ती ज्यावर ठेवायची तो चाकांचा गाडा मिळून ३५० किलो धरा. टणक मुरमावर एवढं वजन ओढायला साधारण १०-१८ किलोचा जोर पुरतो. सुक्या, भुसभुशीत वाळूत चाकं रुततात, तिथे तोच जोर ७० ते १०० किलोपर्यंत जातो. चढ दहाला एक असेल तर आणखी ३५ किलो. आणि मागच्या चाकांवर गाडी आणि चालक मिळून दीडशे किलोच्या आसपास भार, त्यातला पकडीला उपयोगी पडतो तो निम्म्याच्या आतबाहेर. म्हणजे इंजिन कितीही मोठं असो, आधी चाकं खड्डा खणणार. सुक्या वाळूत गाडी रुतते, ओल्या वाळूत क्लच जळतो. म्हणूनच होडीला नाही म्हणतोय.

वाडीतलं काम वेगळं. रस्ता टणक आणि सपाट असेल तर माझा अंदाज असा की भरलेल्या ट्रॉलीचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त नको. पावसात चिखल असेल तेव्हा त्याच्या निम्मं. ट्रॉलीला रुंद, कमी हवेचे टायर लावा, बारीक टणक चाकं भुसभुशीत मातीत नांगरासारखी चालतात. माल भरताना थोडं जास्त वजन पुढे ठेवा, हुकवर एकूण वजनाचा दहावा भाग येईल इतकं. पाण्याचे ड्रम अर्धवट भरलेले नेऊ नका, वळणावर पाणी एका बाजूला येतं आणि ट्रॉली उलटते.

हुक कुठे बसवता हे सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक लोक मागच्या पाइपला, जो बसणाऱ्याने धरायचा असतो, दोरी बांधून गाडी टोचन करतात. तसं करू नका. तो पाइप पातळ सबफ्रेमला लागलेला असतो, तो वाकतो. शिवाय ओढण्याची जागा उंच असली की ओझ्याच्या ताणाने पुढची चाकं उचलली जातात आणि चढावर गाडी चालकाच्या अंगावर उलटू शकते. यात माणसं जिवानिशी जातात, म्हणून हे हात जोडून सांगतोय. हुक स्विंगआर्मला (मागचा एक्सल धरणारा, वरखाली हलणारा दांडा), एक्सलच्या उंचीला किंवा त्याहून खाली हवा. जाड पट्टीचा ब्रॅकेट फॅब्रिकेटरकडून करून घ्या, स्विंगआर्मला भोक पाडू देऊ नका.

दुसरा बदल स्वस्त आहे, तो म्हणजे स्प्रॉकेटचा, चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकांचा. पुढे १३ दाती आणि मागे ४० दाती असेल तर पुढे १२, मागे ४२ करा. जोर साधारण १४ टक्के वाढतो, वेग साधारण १२ टक्के कमी होतो, आणि वाडीत तुम्हाला वेग नकोच आहे. चेनची लांबी पुन्हा जुळवावी लागेल. तेल मोटारसायकलचंच टाका, डब्यावर 'जॅसो एमए' लिहिलेलं. कारच्या तेलाने असा क्लच घसरतो.

चालवताना क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरवरच चला. फार हळू जावं लागत असेल तर अर्धा क्लच धरून रेटण्यापेक्षा थांबा आणि ओझं कमी करा. उतारावर मात्र हीच गाडी बरी, गिअरमध्ये राहिलात तर इंजिन स्वतः रोखून धरतं. क्लच दाबलात की ट्रॉली मागून ढकलेल. आणि अखंड एक्सलमुळे ओझ्यासकट गाडी सरळच जायला बघते, तेव्हा वळण लांबून घ्या. इंजिन एअर-कूल्ड असेल तर हळू चालताना वारा मिळत नाही, मे महिन्यात अर्ध्या तासाने थोडी विश्रांती द्या.

खारं पाणी चाकांना लागलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि एक्सलच्या बेअरिंगना ग्रीस द्या. किनाऱ्यावरून माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत बेअरिंगची तक्रार सर्वात जास्त असते.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि अशा स्पोर्ट एटीव्हीला आपल्याकडे नंबर मिळत नाही. वाडी ते किनारा मधला रस्ता सार्वजनिक आहे. पोलारिस कंपनीने २०२१ मध्ये स्पोर्ट्समन ५७० ही गाडी ट्रॅक्टर म्हणून नोंदणीसह आणली होती, रस्त्यावरून जाणं गरजेचंच असेल तर तसं काही बघा, पण पैसे बरेच लागतात.

होडीसाठी हाताने फिरवायचा विंच (दोरी गुंडाळून ओझं ओढणारा रहाट) आणि एक कप्पी घ्या. कप्पी होडीला लावून दोरीचं दुसरं टोक परत विंचजवळ बांधलंत की लागणारा जोर निम्मा होतो, वेळ दुप्पट लागतो. माडाला बांधणार असाल तर रुंद पट्टा वापरा, तार नको. माडाच्या खोडाला झालेली जखम कधी भरून येत नाही. त्यापेक्षा वाळूत आडवा ओंडका खोल पुरून त्याला विंच बांधला तर उत्तम.

वाडी सपाट असेल आणि गाडीला रिव्हर्स असेल तर विकू नका. रिव्हर्स नसेल तर भरलेली ट्रॉली प्रत्येक वेळी सोडून हाताने मागे घ्यावी लागेल, मग विकलेलीच बरी. स्विंगआर्मचा खालून काढलेला एक फोटो इथे टाका, ब्रॅकेट कुठे बसेल ते सांगतो.