जुन्या ४८ व्होल्टच्या गोल्फ कार्टला नवा कंट्रोलर स्वतः बसवून प्रोग्रॅम करता येतो का?

तुम्ही लिहिलंय की पार्टी प्लॉटवरची जुनी कार्ट पॅडल दाबलं की 'टक्' करते पण हलत नाही, आणि मेकॅनिक म्हणतो, ४८ चा कुठलाही कंट्रोलर आणा, लावून देतो. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत हेच काम करतो. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात गोल्फ कोर्स आहे खरा, पण माझ्याकडे येणाऱ्या कार्ट बहुतेक लग्नाच्या प्लॉटवरच्या आणि फार्महाउसच्या असतात. कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज जायची ते ठरवणारा डबा, स्वतः बसवता येतो. फक्त त्या 'कुठलाही' शब्दाला भुलू नका. ४८ व्होल्ट ही बॅटरीची ओळख झाली, कंट्रोलर निवडायचा तो मोटर बघून.

त्याआधी एक बघा, कंट्रोलर खरंच गेलाय का? टक् वाजतं म्हणजे सॉलेनॉइडची (बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल ओढली जातेय, एवढंच सिद्ध होतं. पॅडल दाबून धरा आणि सॉलेनॉइडच्या दोन जाड बोल्टवर मल्टिमीटर लावा. शून्याच्या जवळ आकडा आला तर आतले पॉइंट ठीक. तिथे बॅटरीचा बराचसा व्होल्टेज दिसला तर पॉइंट जळालेत, आणि तुमचं काम कंट्रोलरच्या मानाने फारच स्वस्तात भागलं. मग कंट्रोलरच्या बी प्लस आणि एम मायनस या टोकांवर मीटर ठेवा (साध्या डीसी कंट्रोलरवर ही नावं असतात: बी म्हणजे बॅटरी, एम म्हणजे मोटर). पॅडल हळूहळू दाबताना व्होल्टेज चढत गेला आणि तरी मोटर फिरली नाही, तर दोष मोटरच्या ब्रशमध्ये किंवा केबलमध्ये आहे. पॅडलचा सिग्नल बरोबर असून व्होल्टेज शून्यावरच राहिला, तर मात्र कंट्रोलरच.

आता मोटर. टोकांवर ए१, ए२, एस१, एस२ असं लिहिलेलं असेल तर ती सिरीज मोटर. एस१, एस२ मध्ये केबल काढून मोजलं तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. एफ१, एफ२ असेल तर ती सेपेक्स, म्हणजे फील्डला वेगळा करंट देणारी. तिची फील्ड वायर बारीक असते आणि रेझिस्टन्स साधारण एक ओहमच्या आसपास येतो. तीन जाड केबल आणि शिवाय एन्कोडरचा (मोटरचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा) बारीक कनेक्टर असेल तर एसी मोटर. तिन्हींचे कंट्रोलर वेगळे, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. सिरीजच्या कार्टमध्ये पुढे-मागे करणाऱ्या स्विचमधून मोटरचा सगळा करंट जातो म्हणून तो दणकट असतो. सेपेक्समध्ये कंट्रोलरच फील्डची दिशा उलटवतो, म्हणून स्विच खेळण्यातल्यासारखा दिसतो. झाकण उघडायच्या आधीच यावरून अंदाज बांधता येतो.

तेवढंच महत्त्वाचं पॅडल. कुठे ० ते ५ किलो ओहम, कुठे उलटं ५ ते ०, कुठे ० ते ५ व्होल्ट, आणि ई-झी-गोच्या टीएक्सटीसारख्या गाड्यांत इंडक्टिव्ह सेन्सर. ५ ते ० वाल्या कंट्रोलरला ० ते ५ चं पॅडल जोडलं तर पाय उचललेला असताना कंट्रोलरला 'फुल' ऐकू येतं. किल्ली फिरवताना पॅडल दाबलेलं असेल तर गाडी सुरूच होऊ न देण्याची सोय चांगल्या कंट्रोलरमध्ये असते. ती सेटिंगमधून कधीही बंद करू नका, गिऱ्हाईक कितीही कटकट करो.

बसवताना अंगठी-घड्याळ काढा, पान्याला टेप गुंडाळा. ४८ व्होल्टचा झटका फारसा लागत नाही, पण दोन टोकांवर पडलेला पाना लाल होतो. टो-रन स्विच (गाडी ओढून न्यायची की चालवायची ते ठरवणारा) असेल तर टोवर ठेवा, बॅटरीची मेन निगेटिव्ह काढा, आणि जुन्या कंट्रोलरच्या बी प्लस-बी मायनसमध्ये एखादा बल्ब काही सेकंद धरून आतले कपॅसिटर रिकामे करा. सगळ्या वायरींचे फोटो काढायला विसरू नका.

सॉलेनॉइडवर दोन छोट्या वस्तू असतात, त्यांच्याकडे मेकॅनिक लोक सर्रास काणाडोळा करतात. जाड बोल्टच्या मध्ये असतो तो रेझिस्टर. कपॅसिटर आधीच हळूहळू भरून ठेवायचं काम त्याचं. तो नसला तर दर वेळी ठिणगी पडते, आणि एक दिवस पॉइंट चिकटून बसतात. मग पाय उचलला तरी बॅटरी तुटत नाही. दुसरा कॉइलवरचा डायोड, पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे. उलटा बसला तर कॉइल चालवणारा कंट्रोलरचा भाग किंवा फ्यूज गेलाच. नवीन कंट्रोलरसोबत दोन्ही नवीन टाका.

कंट्रोलर अॅल्युमिनियमच्या सपाट प्लेटवर, थर्मल पेस्ट लावूनच. लेबलवरचे ४०० अँपियर बहुतेक वेळा दोन मिनिटांपुरते असतात. तासभर सलग चालणारा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, आणि आमच्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. केबल ३५ स्क्वेअर एमएमपेक्षा बारीक नको, ४०० च्या कंट्रोलरला ५० घ्या. लग (केबलच्या टोकाचं कडं) हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या. बोल्ट आवळताना टर्मिनलला पीळ बसू देऊ नका.

पहिली चाचणी मागची दोन्ही चाकं उचलून, लाकडी ठोकळे लावून. दिशा बघण्यापुरतंच पॅडल दाबा. सिरीज मोटर बिनभाराची फुल सोडली तर वेग चढतच जातो आणि आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) फुटू शकतं.

प्रोग्रॅमिंगला कर्टिसचा कंट्रोलर असेल तर त्यांचा हँडसेट (१३११ किंवा नंतरचा १३१३) लागतो. एका गाडीसाठी तो विकत घेणं परवडत नाही, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून सेटिंग करून घ्या. ऑलट्रॅक्सचा नवा कंट्रोलर यूएसबीने लॅपटॉपला जोडता येतो. काहीही बदलायच्या आधी असलेली सेटिंग्ज जतन करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी पॅडलचा प्रकार. मग बॅटरीचा खालचा कट-ऑफ: लेड-अॅसिडच्या २४ सेलला प्रत्येकी १.७५ धरून ४२ व्होल्ट. त्यानंतर करंट, आणि इथे गोंधळ होतो. मोटरचा करंट आणि बॅटरीचा करंट एक नसतो. गाडी सुटताना मोटरला ३०० अँपियर जात असले तरी बॅटरीतून त्याच्या एका हिश्श्याएवढेच येतात, कारण तेव्हा मोटरवरचा व्होल्टेज कमी असतो. त्यामुळे लिथियम टाकलं असेल तर बीएमएसच्या (लिथियम बॅटरीतल्या संरक्षक सर्किटच्या) मर्यादेशी बॅटरी करंटची सेटिंग जुळवा, मोटर करंटची नव्हे. नाहीतर चढावर बीएमएस मध्येच गाडी तोडेल.

अॅक्सिलरेशन सौम्य ठेवा. लग्नात मागच्या सीटवर नऊवारीतल्या आज्या बसतात, झटका बसला तर शिव्या तुम्हालाच. टॉप स्पीड सगळ्यात शेवटी, आणि ब्रेक तपासल्याशिवाय वाढवायचा नाही. रीजन (मोटरनेच ब्रेक लावून वीज बॅटरीत परत भरण्याची सोय) असलेल्या कंट्रोलरमध्ये मी ते कमीच ठेवतो. बडोदं सपाट, परत मिळणारी वीज थोडी. शिवाय लिथियम पूर्ण भरलेली असताना बीएमएसने चार्जिंग तोडलं तर उतारावर तो ब्रेक अचानक गायब होतो.

मोटरवरच्या प्लेटचा आणि पॅडलच्या डब्याचा फोटो इथे टाका, कुठला कंट्रोलर चालेल ते सांगतो. तोवर मेकॅनिकला अॅडव्हान्स देऊ नका.