लेण्यात नमस्कार करायचा का?

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी आजोबा तुला पुण्याहून कार्ला आणि भाजे लेणी दाखवायला नेणार आहेत, सोबत माहिती सांगणारे काकाही असतील. त्यावर तू विचारलंस, "तिथे देवच नाही, मग नमस्कार कुणाला करायचा? प्रदक्षिणा घालायची का?"

प्रदक्षिणा जरूर घाल. ही बौद्ध लेणी, आणि चैत्यगृह म्हणजे तिथलं प्रार्थनेचं दालन. आत टोकाला स्तूप असतो, दगडात कोरलेला घुमटासारखा. चैत्यगृह कोरलंय त्याच्या प्रदक्षिणेसाठीच. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, स्तूपामागे सात. खांब आणि भिंत यांच्यामधली अरुंद वाट ही प्रदक्षिणेची. बहुतेक लोक मधूनच सरळ स्तूपापाशी जातात, फोटो काढतात आणि परततात. ती वाट राहूनच जाते. तू डावीकडून शिर म्हणजे स्तूप उजव्या हाताला राहील, आणि मागून वळून पलीकडून बाहेर ये. उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही, म्हणून दाराशी दोन मिनिटं थांब. मग खांबांच्या माथ्यावरचे हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी दिसू लागतील. मागचे सात खांब मात्र साधे, अष्टकोनी. काही खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे त्या काळचे ग्रीक, हेही आहेत. ती काकांकडून वाचून घे, पण अक्षरांवरून बोट फिरवू नकोस. छताच्या लाकडी कमानी मूळच्याच आहेत, इतकी शतकं टिकलेल्या!

आता नमस्कार. लेणी कोरली तेव्हा इथे बुद्धाची मूर्ती घडवत नसत, वंदन स्तूपालाच. दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती नंतरच्या काळातल्या. आजही बौद्ध कुटुंबं येतात, गुडघे टेकतात, त्रिशरण म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याची वचनं म्हणतात. त्यांच्या समोरून जाऊ नकोस, त्यांचं होईपर्यंत बाजूला उभा राहा. तूही हात जोडलेस तर छानच. हळदकुंकू, नारळ मात्र स्तूपाला नाही. ते चैत्याच्या तोंडाशीच असलेल्या एकवीरा आईच्या देवळात. ती कोळ्यांची कुलदेवी. रविवारी, नवरात्रात आणि चैत्राच्या यात्रेला पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणूनच आजोबांनी बुधवार धरलाय.

कार्ला सकाळी उरका आणि भाजे दुपारनंतर पाहा. भाज्याचं चैत्यगृह पश्चिमेकडे उघडतं, तेव्हा ऊन आत येतं. ते कार्ल्याहून जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. खांब आतल्या बाजूला कललेले दिसतील. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब असे तिरपे रोवत, कोरणाऱ्यांनी तेच रूप दगडात उतरवलं. दगडाला त्याची गरज नव्हती. तोंडाशी लाकडी दर्शनी भाग होता, तो गेला. त्याच्या खोबणी कातळात शोध. जवळच १४ स्तूपांचा समूह आहे, ती तिथल्या थोर भिक्खूंची स्मारकं. काहींवर त्यांची नावं आहेत. त्यांवर चढून फोटो काढणारे दिसतील, तू चढू नकोस.

टाक्यांतलं पाणी पिऊ नकोस, घरून बाटली ने. पाऊस पडून गेला असेल तर पायऱ्यांवर शेवाळ असतं. चपला नकोत, बूटच घाल. आजोबांचे गुडघे दुखतात आणि एका दिवसात दोनदा चढायचंय, तेव्हा त्यांच्या चालीने चाल. परतीची लोकल मळवलीहून मिळेल.

तुझी,
आई