साखळीहून डिसेंबरात पहाटे चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय. थंडी आणि सुरक्षा दोन्हींसाठी कोणतं बाईक जॅकेट घ्यावं?

निव्वळ थंडीचं जाड जॅकेट घेऊ नका. केरी सोडून घाट लागला की हुडहुडी भरते हे खरं, पण परतताना भर दुपारी तेच काढून डिकीला बांधाल, आणि बांधलेलं जॅकेट कुणालाच वाचवत नाही. जाळीचं (मेश) रायडिंग जॅकेट घ्या, म्हणजे गोव्याच्या उकाड्यातही अंगावर राहील.

आतलं लेबल वाचा. ईएन १७०९२ या बाईकच्या कपड्यांसाठीच्या युरोपीय मानकात एएए सर्वांत वरचा दर्जा, मग एए, मग ए. हायवेला जाणार असाल तर निदान एए बघा. खांदा-कोपरांचे पॅड ईएन १६२१-१ या पॅडसाठीच्या मानकाप्रमाणे लेव्हल २ चे असले तर उत्तम; लेव्हल १ पेक्षा ते धक्का बराच कमी आत पोचू देतात. पाठीच्या खिशात मात्र हात घालून बघाच. पुष्कळदा तिथे नुसता मऊ फोम असतो, त्याच्या जागी खरा बॅक प्रोटेक्टर टाका.

दुकानात बाईकवर बसल्यासारखे हात पुढे करा आणि कोपराचा पॅड दुसऱ्या हाताने फिरवून बघा. तो सरकला तर पडताना नक्की सरकणार. मग एक साइज लहान घ्या.

थंडी म्हणजे मुळात वारा. जाळीवरून साधं विंडचीटर चढवा, गळ्याला बफ (नळीसारखं कापड), हातात ग्लोव्ह्ज. एवढं आपल्याकडे पुरतं. पावसाळ्यात जॅकेट कपाटात कोंडून ठेवू नका हो, बुरशी धरते.