अंडाकृती शिक्क्यातली तीन अक्षरे

प्रश्न : आजोबांच्या पश्चात त्यांच्या पेटीत आखूड नळीचे, पाच गोळ्यांचे एक रिव्हॉल्व्हर सापडले. वरच्या पट्टीवर इंग्रजीत ‘ब्रिटिश बुलडॉग’ असे कोरले आहे. सिलिंडरवर अंडाकृती शिक्क्यात ‘ई, एल, जी’ ही अक्षरे आणि त्यांखाली तारा आहे. सिलिंडरवर व सांगाड्यावर ४१७ हा आकडा आहे. मूठ हस्तिदंती वाटते. एका लष्करी अधिकाऱ्याने ते पणजोबांना भेट दिले, असे घरात सांगतात. गंज काढून, चकाकी आणून ते विकावे असे मुलाचे मत आहे. हे कोणाचे, केव्हाचे, आणि याचे मोल कसे ठरवावे?

उत्तर : चकाकी आणण्याचा बेत आधी रद्द करावा. पॉलिश पेपरने घासले की कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूच्या भोवतीचा पृष्ठभाग खोलगट होतो आणि मूळ निळसर-काळी झिलई कायमची जाते. जाणकार गिऱ्हाईक नेमके हेच भिंगाखाली पाहते. मऊ फडक्याने पातळ तेलाचा हात फिरवणे एवढीच सफाई पुरे. ते चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. शस्त्र रिकामे आहे याची खात्री अनुभवी शस्त्र-कारागिराकडून करून घ्यावी, आणि ताब्याचे व विक्रीचे नियम देशागणिक वेगळे असल्याने तेही आधीच विचारून घ्यावेत.

आता ओळख. पट्टीवरचे नाव पाहून हे इंग्लंडचे असे समजणे साहजिक आहे, पण ते बहुधा चुकीचे ठरेल. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ साली बुलडॉग बाजारात आणले. ते इतके खपले की बेल्जियममधील लिएज शहरातल्या लहानमोठ्या कारखान्यांनी त्याच्या नकला भराभर काढल्या आणि त्यांवर तेच नाव घातले. आपण वर्णन केलेला अंडाकृती शिक्का लिएजच्या तपासणीगृहाचा आहे. नळी आणि सिलिंडर दारूचा दाब सोसतात, एवढीच ग्वाही तो देतो. बनवणाऱ्याचे नाव सांगत नाही. मात्र काळ ठरवायला तो फार उपयोगी आहे, कारण १८९३ पासून त्या अंडाकृतीवर मुकुट येऊ लागला. तेव्हा भिंग घेऊन पाहावे : मुकुट खरोखरच नसेल, तर आपले रिव्हॉल्व्हर १८७२ नंतरचे आणि मुकुट येण्यापूर्वीचे, म्हणजे सुमारे वीस वर्षांच्या पट्ट्यात बसते. केवळ झिजून तो दिसेनासा झालेला नाही ना, हेही पाहावे.

४१७ या आकड्यावरून साल काढायचा प्रयत्न करू नये. असे लहान आकडे पुष्कळदा जुळणीच्या वेळी सुटे भाग एकत्र राहावेत म्हणून घातलेले असत. तरीही तोच आकडा दोन्ही ठिकाणी असणे ही चांगली गोष्ट आहे; सिलिंडर मागाहून बदललेले नसावे, असे त्यावरून म्हणता येते.

मुठीच्या बुडाच्या कापावर बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसली तर ती हस्तिदंताची खूण. काळसर ठिपके दिसले तर ते हाड. हस्तिदंत निघाल्यास विक्रीवर निर्बंध येतात आणि हौसेने जपलेली मूठच व्यवहार अडवते.

मोलाविषयी स्पष्टच लिहितो. लिएजच्या नकला मोठ्या संख्येने निघाल्या, त्यामुळे वेब्लीच्या मूळ नगाची किंमत मनात धरू नये. विक्रेते मागतात ते आकडेही बाजूला ठेवावेत आणि तशाच अवस्थेतले, तशाच शिक्क्याचे नग लिलावात प्रत्यक्ष कितीला गेले ते पाहावे. विमा उतरवताना धरायची रक्कम आणि व्यापारी हातात ठेवील ती रक्कम यांत मोठे अंतर असते, म्हणून मूल्यांकन करून घेताना ते कशासाठी हवे आहे हे आधी सांगावे.

राहिली भेटीची गोष्ट. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर झाडलेले रिव्हॉल्व्हरही बुलडॉग जातीचेच होते आणि ते पुढे हरवले. तेव्हा या जातीच्या कोणत्याही नगाला कथा चिकटणे सोपे असते. अधिकाऱ्याचे पत्र, भेटीची नोंद किंवा शस्त्रासह काढलेले छायाचित्र मिळाल्यास मात्र भाव खरोखर बदलतो. पेटीतले जुने कागद रद्दीत गेले नसतील, तर पॉलिशपेक्षा मुलाला त्या कामाला लावावे.