गोदावरी फ्रिगेट खरंच आपली होती का?

4 डिसेंबर 2023 ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन पाहिल्यापासून तुम्हाला हा प्रश्न पडलाय: आयएनएस गोदावरीला भारताने आखलेली पहिली मोठी फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) म्हणतात, पण तिची क्षेपणास्त्रं रशियन आणि इंजिनाचा आराखडा ब्रिटिश, मग ती भारतीय कशी?

मी मालवणचा. नौदलात इंजिन विभागात होतो, वाफेवरच्या जहाजांवर. माझं उत्तर स्पष्ट आहे: ती पूर्णपणे आपलीच होती, आणि त्याचं कारण तुम्ही म्हणता त्या भेसळीतच आहे.

त्याआधी मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये ब्रिटिश लिअँडर फ्रिगेटी परवान्यावर बांधल्या गेल्या. पहिली नीलगिरी 3 जून 1972 ला नौदलात आली. या मालिकेतल्या शेवटच्या दोन, तारागिरी आणि विंध्यगिरी, सी किंगसारखं मोठं हेलिकॉप्टर बसावं म्हणून बदलून घेतल्या. तिथे हात बसला. मग नौदलाने स्वतःच्या आराखडा विभागाकडे मागणी केली: दोन सी किंग हवीत, जहाजविरोधी क्षेपणास्त्रं हवीत आणि वेग 27 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 50 किलोमीटर. नवीन इंजिन मात्र मिळणार नाही, लिअँडरचीच 30,000 अश्वशक्तीची वाफेची यंत्रणा वापरायची.

जहाज जड होणार आणि ताकद तेवढीच, मग वेग कुठून आणायचा? तो लांबीतून आणला. लिअँडर सुमारे 113 मीटरची, गोदावरी 126 मीटरहून जास्त. जहाज पळताना स्वतःच लाट उठवतं आणि वेग वाढला की बरीच ताकद ती लाट ढकलण्यात जाते. सांगाडा लांब असला की त्याच वेगाला हा विरोध कमी पडतो. देवबागकडचा होडी बांधणारा सुतारही रुंदीपेक्षा लांबीवर जोर देतो, तो याचसाठी. सुमारे 3,600 टनांचं जहाज जुन्याच इंजिनावर 27 नॉट गाठू लागलं. या हिशेबाबद्दल मला आजही अभिमान वाटतो.

आता भेसळ. चार जहाजविरोधी क्षेपणास्त्रं, विमानविरोधी ओसा क्षेपणास्त्रं आणि 57 मिमीची तोफ सोव्हिएत, लढाईची माहिती जुळवणारा संगणक इटलीचा, काही रडार डच, हेलिकॉप्टरं ब्रिटिश आणि वाफेची टर्बाइन भोपाळच्या भेल या सरकारी कारखान्यात बनलेली. सोव्हिएत उपकरणांना लागणारी वीज जहाजावरच्या विजेपेक्षा वेगळी, म्हणून ती बदलून द्यावी लागे. एकमेकांसाठी न बनलेल्या या वस्तू एका जहाजात बोलत्या करायच्या आणि एकाच्या लहरींनी दुसऱ्याचं रडार आंधळं होऊ द्यायचं नाही, हे काम कोणताही विक्रेता करून देत नव्हता. ते आपल्या माणसांनी केलं.

10 डिसेंबर 1983 ला गोदावरी दाखल झाली, नंतर तिच्याच वर्गातल्या गंगा आणि गोमती. नोव्हेंबर 1988 मध्ये मालदीवमधला उठाव फसल्यावर भाडोत्री बंडखोर ओलिसांना घेऊन प्रोग्रेस लाइट या व्यापारी जहाजातून श्रीलंकेकडे पळाले. गोदावरी आणि बेतवा या फ्रिगेटींनी त्यांना भर समुद्रात गाठून थांबायला भाग पाडलं. 23 डिसेंबर 2015 ला, 32 वर्षांनी, ती निवृत्त झाली. याच सांगाड्यावरून कोलकात्यात ब्रह्मपुत्रा वर्गाच्या तीन फ्रिगेटी बांधल्या, चारऐवजी सोळा क्षेपणास्त्रांच्या.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही: वाफ जायलाच हवी होती. बॉयलर थंड असेल तर जहाज निघायला कित्येक तास लागायचे, गॅस टर्बाइन काही मिनिटांत तयार होते. मे महिन्यात बॉयलर रूममधला वॉच, म्हणजे कामाची पाळी, ज्याने केलाय त्याला विचारा. शिवाय माणसं किती लागत! गोदावरीवर तीनशेहून जास्त नौसैनिक असत. माझगाव डॉकनेच बांधलेली नवी नीलगिरी 15 जानेवारी 2025 ला आली. ती साडेसहा हजार टनांहून मोठी आहे, डिझेल आणि गॅस टर्बाइनवर चालते आणि तिच्यावर सव्वादोनशेच्या आसपास माणसं पुरतात.